सातवी तक्रार

३ फेब्रुवारी

ताई,

तुझा पत्ता मावशीने दिला. दिला म्हणजे मी काढून घेतला. आधी म्हणाली, "मला कुठे माहीत?" मग म्हणाली, "मी तिला शब्द दिलाय." शेवटी तिचं इंटरनेट बंद पडलं, मालिका अर्ध्यात अडकली, तेव्हा घडाघडा बोलली. मी काही केलं नव्हतं, आपोआप पडलं होतं. चालू मात्र पत्ता मिळाल्यावरच केलं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. अक्षर लागलं नाही तर भिंग घे, पण वाच.

कामाचं आधी. आजींच्या प्रकरणाची चौकशी समिती अठ्ठावीस तारखेला फाइल बंद करतेय. तोवर काही नवीन पुढे आलं नाही, तर तुझ्या नावापुढे "शहानिशा न करता तक्रार बंद केली" हा शेरा कायमचा बसेल. मग या धंद्यातली कुठलीच कंपनी तुला तक्रारींच्या टेबलावर बसवणार नाही. अकरा वर्षं तू दुसरं काही केलं नाहीस. तेव्हा काही सांगायचं असेल तर लिहून पाठव, तारीख जाऊ देऊ नकोस. मी तरी काय करणार? मी पडलो समोरच्या कंपनीचा.

आणखी एक, सहज सांगतो. शिवणवाल्या आजींच्या घरातलं बटण रोज दाबलं जातंय.

थट्टा करत नाहीये. तेच बटण, गळ्यात घालायचं. दाबलं की त्यांच्या मुलीच्या मोबाइलवर घंटा वाजायची. गिऱ्हाईक तुमचं, इंटरनेटची तार आमची, आणि तारेच्या टोकाला घरात बसवलेली डबीही आमची, म्हणून बटणाची नोंद माझ्या पडद्यावरही उमटते. वीस जानेवारीपासून रोज दुपारी दोन वीसला एक ओळ येते: बटण दाबले. आज पंधरावा दिवस. आजींना जाऊन तीन महिने होतील, घर बंद आहे. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, डबीत बिघाड असेल. असेलही. पण बिघाड घड्याळ बघून येत नाही, हे आपल्या धंद्यात कोणालाही कळतं. सव्वादोन वाजले की मी पडद्यासमोरून हलत नाही.

तू समितीला सांगितलंस म्हणे, की आजी गेल्या त्या आठवड्यातल्या सोमवारी तू समोरच्या कंपनीतल्या कोणाला तरी फोनवर सात तक्रारी वाचून दाखवल्यास. ताई, माझ्या वहीत सहाच आहेत. एवढंच सांगायचं होतं.

तुझा,
भुंगा


९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. मावशीकडून कळलं की पत्र पोचलं आणि तू ते न उघडता रेडिओखाली ठेवलंस. बाबाही नकोशी पत्रं रेडिओखालीच सरकवायचे. खाण तशी माती.

एका परीने बरंच आहे. तू वाचत नाहीस म्हणजे मला जरा मोकळं लिहिता येईल.

तो दातांचा डॉक्टर आठवतो? नऊ दिवस आपण त्याला टोलवला. मी म्हणायचो बिघाड त्यांच्याकडे, तू म्हणायचीस त्यांच्याकडे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. नवव्या दिवशी तो वैतागून म्हणाला, "तुमची आणि त्या दुसरीकडच्या बाईंची बोलायची ढब एकच आहे, एका घरचे आहात की काय?" त्या दिवशी चारला तू फोन केलास. हातात चहा, समोर यादी. तू एकेक तक्रार वाचायचीस आणि ज्याचा बिघाड असेल तो म्हणायचा, "घेतलं." एकदा "घेतलं" म्हटलं की ते त्याचं. दुसऱ्याने आपल्या बाजूने बंद करून टाकायचं, परत विचारायचं नाही. ना सही ना शिक्का. बघता बघता दोन्हीकडची सगळी टेबलं तेच करायला लागली. दोन वर्षांत एकही "घेतलं" खाली पडलं नाही, आणि दोन्हीकडच्या साहेबांनी त्याचं श्रेय आपापल्या खिशात घातलं.

मग आमचे नवे साहेब आले. "त्यांच्याशी बोलताना दिसलात तर घरी बसा." त्यांना वाटलं आपण गिऱ्हाईकं फोडतोय. पाठोपाठ तुमच्याकडेही तसंच पत्रक निघालं. बाकीच्यांनी सोडून दिलं. आपण दोघं मात्र आपापल्या ऑफिसच्या जिन्यात उभे राहून बोलत राहिलो. तू म्हणायचीस, भुंग्या, गुणगुणू नकोस, कोणी ऐकेल.

त्या सोमवारी तू यादीच्या आधी बाबांचा विषय काढलास. म्हणालीस, "तू येतो म्हणतोस आणि येत नाहीस. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ते दाराकडे बघत होते." मला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. मी फोन जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राहिलो. तुझा आवाज थांबला की जवळ जाऊन "घेतलं" म्हणायचो आणि त्यातल्या त्यात कानावर पडलेलं टिपायचो. सातवी तक्रार कोणाची होती ते मी ऐकलंच नाही. आईशप्पथ.

माझी चूक एवढीच. ऐकलं नाही. 

भुंगा


१५ फेब्रुवारी

ताई,

दुसरं पत्रही रेडिओखाली गेलं. मावशी म्हणते, रेडिओ आता एका अंगाला कलतो.

सरड्याला तिकडे पाठवलं होतं. सरडा म्हणजे आमचा खांबावर चढणारा. तू त्याला पाहिलं नाहीस, पण फोनवर त्याचा खोकला कितीदा ऐकलायस. त्याला सांगितलं, लोखंडी जिना, वरचं घर, बाहेरून तार तपासून ये. परत आला तो आधी हात धुवायला गेला. मग म्हणाला, "तार ठीक आहे. दाराला कुलूप आहे. पण खिडकीचा पडदा बदललाय. नोव्हेंबरात पिवळा होता, आता निळा आहे." मी म्हटलं, असेल कोणीतरी बदलला. "कुलूप लावलेल्या घरात?" म्हणाला, "मला दुसरं काहीही काम सांगा, तिकडे पाठवू नका." वादळात खांबावर चढणारा माणूस तो, आणि पडद्याला घाबरला.

त्याला काय हसू, मीही घाबरलोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, नाहीतरी तू वाचत नाहीसच. माझ्या खणात एक कागद आहे.

आजींची लाइन रविवारी गेली. त्या मंगळवारी न्हाणीघरात पडल्या. मोबाइल शिलाई मशीनवर राहिला होता, गळ्यात बटण होतं. आता त्या डबीची गंमत अशी की लाइन बंद असली तरी ती काही विसरत नाही. दाबलेलं सगळं वेळेसकट साठवते आणि लाइन आली की एकदम पुढे पाठवते. बुधवारी साडेदहाला त्याच खांबावरच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने आरडाओरडा केला म्हणून सरडा वर चढला. वीस मिनिटांचं काम. तार जोडली गेली आणि माझ्या पडद्यावर ओळी पडायला लागल्या. बटण दाबले. बटण दाबले. मी पहिल्यांदा हसलो, म्हटलं कोणाचं पोर खेळतंय. मग वेळा वाचल्या. पहिली मंगळवार दुपारी दोन वीसची. शेवटची बुधवार सकाळी सहा पन्नासची. एकूण एक्केचाळीस.

तुला काय सांगितलं गेलं ते मला माहीत आहे. पडल्या आणि जागीच गेल्या, लाइन चालू असती तरी काही उपयोग नव्हता. तसं नाही, ताई. त्या साडेसोळा तास होत्या.

तो कागद मी छापून घेतला आणि खणात ठेवला. समितीपुढे ठेवला नाही. तुझ्यासाठीच. तुझ्यावर आधीच एक आळ होता, त्यात ही भर नको म्हणून.

भुंगा


२१ फेब्रुवारी

ताई,

"तुझ्यासाठी" हे खोटं होतं. सहा दिवस ते वाक्य मला टोचतंय.

डिसेंबरात आजींच्या मुलीचं पत्र आमच्या ऑफिसात आलं होतं. तिच्या मोबाइलवर एकाच मिनिटात एक्केचाळीस घंटा वाजल्या होत्या, आणि याचा अर्थ काय, एवढंच तिने विचारलं होतं. साहेबांनी मला आत बोलावलं. "तुझी भाषा गोड आहे, तूच लिही." मी लिहिलं: "सर्व नोंदी एकाच वेळी प्राप्त झाल्या असल्याने त्या यंत्रातील दोषामुळे आल्या असाव्यात, त्यांचा घटनेशी संबंध जोडता येत नाही." एका दमात लिहिलं, एक खाडाखोड नाही. साहेबांनी पाठ थोपटली. पडल्या आणि जागीच गेल्या हे सगळीकडे चालू शकलं, ते माझ्या त्या वाक्यावर.

आता सातवी तक्रार. माझ्या वहीत सहा आहेत हे खरं आहे, कारण सातवी पान उलटून पलीकडे लिहिली होती आणि ते पान मी फाडलं.

फोन कठड्यावर होता हेही खरं. पण सहावीनंतर मी तो उचलून कानाला लावला होता. तू म्हणालीस, "शेवटची. शिवणवाल्या आजी, लोखंडी जिना. एकट्या असतात, गळ्यात बटण आहे. उद्या सकाळी सगळ्यात आधी हीच कर." मी लिहून घेतलं. "घेतलं" म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर मनात म्हटलं, हिची ना, सगळ्यात शेवटी. बसू दे वाट बघत. करू दे परत फोन, म्हणू दे, भुंग्या, झालं का रे?

तू फोन केला असतास तर मी त्याच मिनिटाला सरड्याला पाठवलं असतं. पण "घेतलं" म्हटल्यावर परत विचारायचं नाही हा आपला नियम, आणि तू नियम मोडणारी नव्हेस. तू तुझ्या बाजूने बंद केलंस. मी माझ्या बाजूला उघडलंच नाही. मंगळवारी दिवसभर वही माझ्यासमोर होती. दोन वीसला मी काय करत होतो माहीत आहे? बिस्किटाचा पुडा फोडत होतो. मी विसरलो नव्हतो, ताई. मला आठवत होतं.

समितीने तुला विचारलं, फोनवर कोण होतं? तू म्हणालीस, "नाव आठवत नाही." त्या दातांच्या डॉक्टरचा गिऱ्हाईक क्रमांकसुद्धा तुला अजून पाठ असेल. मी पलीकडच्या बाकावर साहेबांच्या शेजारी मूग गिळून बसलो होतो. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. रागाने का होईना, बघायला हवं होतंस.

मला लाज वाटते. हे मी कोणाला तोंडाने सांगू शकलो नसतो.

भुंगा


२६ फेब्रुवारी

ताई,

आज मी तिकडे जाऊन आलो.

अर्धी रजा टाकली. पावणेदोनपासून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा होतो. दुकानदाराने दोनदा विचारलं, "काय काढायचंय?" मग मी त्या कागदाचीच एक प्रत काढून घेतली. शेजारच्या टेबलावरच्याला सांगून ठेवलं होतं, ओळ आली की कळव. दोन वीसला त्याचा मेसेज आला: आली. जिना चढलो. बावीस पायऱ्या, लोखंडी, प्रत्येक पायरी वाजते. सरडा खोटं बोलला नव्हता. जाळीच्या दाराला कुलूप होतं, निळा पडदा होता. आणि आत शिलाई मशीन चालू होतं.

कठड्याला हात टेकून मी तसाच उभा राहिलो. खाली पळणारच होतो, पण मशीन थांबलं आणि पडदा बाजूला झाला.

पन्नाशीची बाई. गळ्यात टेप, आणि टेपच्या शेजारी ते बटण. कुलूप तीच जाळीतून हात घालून बाहेरून लावते, दुपारी विक्रेते त्रास देतात म्हणून.

"कोण पाहिजे?"

"तुम्ही बटण दाबलंत," मी म्हणालो.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "अडतीस दिवस लागले तुम्हाला."

आजींची मुलगी. जानेवारीत राहायला आली. लोकांचे अर्धवट शिवलेले कपडे पडून होते, म्हणाली, ते पुरे करून एकेकाला देते आहे. निळा पडदाही कोणाचा तरी होता, तो न्यायला कोणी आलं नाही, म्हणून लावला. मी विचारलं, बटण का दाबता? घंटा तर तुमच्याच मोबाइलवर वाजणार.

"तुमच्या पत्रात लिहिलं होतं, नोंदी प्राप्त झाल्या. प्राप्त झाल्या म्हणजे तुमच्याकडेही कोणाला तरी दिसतात. आईने पहिल्यांदा दाबलं त्या वेळेला मी रोज दाबते. बघत होते, कोणी येतं का." मग म्हणाली, "तुम्ही कोणत्या कंपनीचे? तारवाले की बिलवाले?"

"तारवाले."

"मग तुम्ही म्हणणार, गिऱ्हाईक त्यांचं."

"नाही. तक्रार माझ्याकडे आली होती. मी घेतो म्हणालो आणि घेतली नाही. ते पत्रही मीच लिहिलं."

मला वाटलं ती दार लावून घेईल. तिने कुलूप काढलं आणि स्टूल पुढे केलं. मी कागद दिला तर घेतला नाही. म्हणाली, "तुमच्याकडेच ठेवा. मी माझ्याकडचं वाचते, तुम्ही तुमच्याकडचं बघा." मोबाइल काढला आणि चष्मा लावून वाचायला लागली.

"दोन वीस."

"आहे."

"दोन एकवीस."

"आहे."

"दोन बावीस."

ताई, चारच्या चहाला आपण असेच बसायचो. पहिल्या दहा मिनिटांतल्याच अकरा होत्या. मग अर्ध्या अर्ध्या तासाने. मग रात्री दोन-दोन तासांची भोकं, आणि प्रत्येक भोकानंतर मला वाटायचं, संपलं असेल, आणि ती पुढची वेळ वाचायची. मी "आहे" म्हणायचो. पस्तिसावीला माझा आवाज फुटला. ती थांबली, पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि मी पिईपर्यंत वाट बघितली. मग छत्तिसावी वाचली.

"सहा पन्नास."

"आहे."

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "माझ्याकडेही तेवढ्याच. मला वाटायला लागलं होतं की मीच वेडी आहे."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही मागितली नाही. निघताना म्हणाली, "त्या बिलवाल्या कंपनीतल्या बाईंनी मला पत्र लिहिलं होतं. चूक माझी आहे, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबले, असं लिहिलं होतं. दुसरा कोण ते नव्हतं लिहिलं. तुम्हीच का?"

"माझी बहीण आहे ती."

तिने चष्मा काढून मशीनवर ठेवला. मग विचारलं, "समितीला सांगणार?"

"उद्या सांगतो."

"बरं. उद्या दोन वीसला मी परत दाबणार आहे," म्हणाली आणि मशीनवर बसली.

भुंगा


२७ फेब्रुवारी

ताई,

सकाळी दहाला समितीच्या ऑफिसात जबाब दिला. सात तक्रारी, फाडलेलं पान, एक्केचाळीस वेळांचा कागद, ते पत्र कोणी लिहिलं, सगळं. तुझ्या फोनला उत्तर देणारा मी होतो, तुझा भाऊ, हेही. कारकून म्हणाला, "सावकाश सांगा, मला लिहायला वेळ लागतो." त्याने शिक्का मारलेली प्रत मी बाराला लोखंडी जिना चढून आजींच्या मुलीला दिली. तिने ती उभ्यानेच वाचली. शिवलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि दार लावून घेतलं.

एकला ऑफिसात गेलो. साहेबांना बातमी पोचली होती. खण रिकामा करायला संध्याकाळपर्यंतचा वेळ दिलाय. शेजारचा टेबलवाला माझ्याशी बोलत नाही, पण त्याने माझा पडदा चालू ठेवला. दोन वीस झाले. दोन पंचवीस. मी तीनपर्यंत समोर बसून होतो. ओळ आली नाही.

वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. मघापासून प्रत्येक रिकाम्या मिनिटाला मी मनात "आहे" म्हणतोय. हे आता माझ्याबरोबर राहणार, आणि राहावं.

पंधरा तारखेचं पत्र उघडशील तेव्हा एकटी असू नकोस. मावशीला बोलावून घे. त्यात जे आहे त्यातलं काहीही तुझं नाही, हे वाचायच्या आधीच लक्षात ठेव. बाबांच्या वेळी मी आलो नाही, त्याचंही कधीतरी बोलू, तू म्हणशील तेव्हा. मी येतो असं आता म्हणत नाही. बोलावलंस तर दारात उभा दिसेन.

हेही पत्र तू रेडिओखालीच सरकवशील, मला ठाऊक आहे. म्हणून जे सांगायचं ते पाकिटाच्या बाहेर, तुझ्या पत्त्याच्या वर, मोठ्या अक्षरात लिहितोय. म्हणजे न उघडताही दिसेल.

सातवी: घेतलं. तू तुझ्या बाजूने बंद कर.